‘द ग्रीन नाइट’मध्ये धर्म उरला आहे, पण क्षमा कुठे गेली?

रानवाटा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ हे चौदाव्या शतकाच्या अखेरीचे इंग्रजी काव्य मी गेल्या पावसाळ्यात सायमन आर्मिटेज यांच्या अनुवादातून वाचले आणि लगेच डेव्हिड लोअरी यांचा २०२१ सालचा ‘द ग्रीन नाइट’ हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या वेळी मूळ काव्य ठाऊक नव्हते, त्यामुळे धुके, शेवाळ आणि देव पटेल यांचा गोंधळलेला चेहरा एवढेच लक्षात राहिले होते. या वेळी मात्र एक गोष्ट सारखी खटकत राहिली. तिच्यावर येथील जाणकारांचे मत हवे आहे.

ज्यांनी काव्य वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. आर्थर राजाच्या दरबारात नववर्षाच्या दिवशी एक हिरवा सरदार घोड्यावरून येतो आणि आव्हान देतो, की माझ्यावर कुऱ्हाडीचा एक घाव घाला, वर्षभराने तसाच घाव माझ्याकडून घ्या. गवेन त्याचे मुंडके उडवतो. तो आपले मुंडके हातात घेऊन, पुढच्या वर्षी ‘हिरव्या चॅपेल’पाशी (चॅपेल म्हणजे छोटे प्रार्थनामंदिर) ये, असे बजावून निघून जातो. वर्ष सरताना गवेन निघतो आणि वाटेत एका गढीत पाहुणा म्हणून उतरतो. गढीचा धनी त्याच्याशी करार करतो, की मी शिकारीत जे मिळवीन ते तुझे आणि तू घरात जे मिळवशील ते माझे. धन्याची बायको तीन दिवस गवेनला मोह घालते. तो चुंबनांपलीकडे जात नाही आणि ती चुंबने संध्याकाळी धन्याला प्रामाणिकपणे ‘परत’ही करतो. मात्र तिसऱ्या दिवशी ती त्याला एक हिरवा रेशमी कमरपट्टा देते आणि हा ज्याच्या अंगावर आहे त्याला कोणी मारू शकत नाही असे सांगते. तो पट्टा गवेन लपवतो.

आता माझा मुद्दा. काव्यात गवेनच्या ढालीवर पाच टोकांची सोनेरी चांदणी आहे. कवी तिला ‘अखंड गाठ’ म्हणतो आणि कथा थांबवून तिचा अर्थ सविस्तर उलगडतो. पाच इंद्रिये, पाच बोटे, ख्रिस्ताच्या पाच जखमा, त्याची आई मरिया हिचे पाच आनंद आणि पाच सद्गुण. ढालीच्या आतल्या बाजूस मरियेचे चित्र आहे, ते का, तर लढताना तिच्याकडे नजर गेली की धीर खचू नये म्हणून. नाताळच्या आदल्या दिवशी गवेन रानात गारठलेला असताना मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, ऐकायला जागा मिळावी म्हणून प्रार्थना करतो, छातीवर तीन वेळा क्रुसाची खूण करतो आणि समोर गढी दिसते. पट्टा घेतल्यावर तो गढीतल्या धर्मगुरूकडे जाऊन पापांची कबुली देतो आणि क्षमा मिळवतो. शेवटी हिरव्या चॅपेलपाशी कुऱ्हाड दोनदा हूल देते आणि तिसऱ्यांदा मानेवर फक्त एक चरा उमटतो. हिरवा सरदार म्हणजे त्या गढीचाच धनी, हे तेव्हा कळते. गवेन शरमेने लाल होतो आणि सरदार हसत हसत त्याला माफ करतो.

चित्रपटात धर्म कमी नाही. कथेची सुरुवातच कुंटणखान्यात, नाताळच्या सकाळी, ‘ख्रिस्त जन्मला’ या शब्दांनी होते. ढाल आहे, मरिया आहे, बिशप आहे, चॅपेल आहे. पण ढाल पहिल्याच मोठ्या संकटात लुटारूंच्या हातून फुटते, मरियेच्या चित्राचे तुकडे होतात, आणि गढीतला तो कबुलीचा प्रसंग गाळलेला आहे. शेवटी क्षमाही नाही. गवेनला आधी एक भलेमोठे स्वप्नदृश्य दिसते. त्यात तो घाव चुकवून पळतो, राजा होतो, जिच्यावर प्रेम केले तिच्या कुशीतले आपले मूल काढून घेतो, तो मुलगा लढाईत पडतो, शत्रू दारात येतो, आणि अखेर कमरेचा पट्टा ओढून काढताच त्याचे मुंडके गळून पडते. मग पुन्हा आपण चॅपेलमध्ये येतो, तो खरा पट्टा सोडतो आणि आता मी तयार आहे असे म्हणतो. हिरवा सरदार त्याला शाबासकी देतो आणि आता तुझे डोके, असे काहीसे कौतुकाने म्हणतो. तेथे पडदा काळा होतो.

म्हणजे धर्माची सगळी भांडीकुंडी जागच्या जागी आहेत आणि चूल मात्र काढून टाकली आहे. आजच्या प्रेक्षकाला पापाची कबुली समजणार नाही म्हणून हे केले असेल, की दिग्दर्शकाला मुळातच वेगळे काही सांगायचे होते?

वसईचा किनारा

रानवाटा, तुमचा प्रश्न मला थेट भिडला, कारण आमच्या वसईत मिस्सा मराठीतच होते आणि पापांची कबुली ही माझ्यासाठी पुस्तकातली गोष्ट नाही. नाताळच्या आधीच्या आठवड्यात चर्चच्या बाजूच्या भिंतीला लागून आम्हा पोरांची रांग लागायची. लाकडी जाळीच्या पलीकडे फादरांचा फक्त कान दिसायचा. रांगेत उभे असताना आम्ही बोटांवर पापे मोजत असू, आणि दोनच भरली तर तिसरे पाप शेजारच्याला विचारून घेत असू. हे गमतीने सांगतो आहे, पण त्या जाळीतून उठून बाहेर आल्यावर अंग खरोखरच हलके वाटायचे. ते हलकेपण या काव्याच्या कवीला माहीत होते. गढीत कबुली देऊन आल्यावर गवेन त्या दिवशी इतका आनंदी असतो, की लोक आपसांत म्हणतात, हा येथे आल्यापासून एवढा खुशीत कधी दिसला नव्हता.

येथे मराठीतल्या एका शब्दाची अडचण सांगायला हवी, कारण चर्चेत तो शब्द येणारच. आमच्याकडे या संस्काराला ‘प्रायश्चित्त संस्कार’ म्हणतात. गोव्यातल्या कोकणीत पोर्तुगीजांच्या काळापासून आलेला ‘कुमसार’ हा शब्द आहे. हिंदू धर्मशास्त्रातले प्रायश्चित्त म्हणजे पाप करणाऱ्याने स्वतः करायचे कर्म, मग ते उपोषण असो, दान असो की तीर्थयात्रा. चर्चच्या संस्कारात ते कर्म आहेच, पण ते शेवटी येते आणि लहान असते. आधी पश्चात्ताप, मग तोंडाने कबुली, मग दुसऱ्याच्या तोंडून मिळणारी क्षमा. ही क्षमा आपली आपल्याला देता येत नाही, सगळी मेख तेथे आहे. मराठी वाचकाने ‘प्रायश्चित्त’ हा शब्द डोक्यात ठेवून चित्रपटाचा शेवट पाहिला, तर त्याला तो शेवट पूर्ण पटेल, कारण गवेन स्वतःचे कर्म करतो, पट्टा सोडतो, मान पुढे करतो. काव्याचा शेवट मात्र अर्धवट वाटेल.

काव्याच्या अखेरीस या तिन्ही पायऱ्या क्रमाने आहेत. गवेन पट्टा भिरकावून देतो आणि शरमेने अंग चोरतो, तो पश्चात्ताप झाला. भित्रेपणा आणि लोभ या दोन दोषांची नावे घेऊन तो कबुली देतो. आणि हिरवा सरदार जे उत्तर देतो ते शब्दशः धर्मगुरूचे आहे. तू आपल्या चुका सांगून मोकळा झालास, माझ्या पात्याच्या टोकाने तुझी शिक्षाही उघडपणे झाली, आता तू जन्मल्यापासून कधी चुकलाच नसल्यासारखा लख्ख आहेस, असा त्याचा आशय. ज्याच्या हातात कुऱ्हाड आहे त्याच्याच तोंडी कवीने क्षमेचे शब्द घातले आहेत. मला तर या काव्यात त्याहून मोठे काही दिसत नाही.

म्हणून तुमचे निदान मला मान्य आहे. लोअरी स्वतः कॅथलिक घरात वाढले आहेत, तेव्हा त्यांना कबुली ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही. त्यांनी ती जाणूनबुजून काढली. त्यांच्या गवेनला मुक्त करणारे कोणी नाही. त्याने स्वतःच स्वतःला ओळखायचे आहे आणि तेही मरणाच्या दारात. हा धर्म असेल, पण तो माझ्या ओळखीचा नाही.

अर्धविराम

वरील दोन्ही प्रतिसाद वाचले. मला वाटते, आपण चित्रपटावर थोडा अन्याय करत आहात. क्षमा चॅपेलमध्ये शोधलीत म्हणून सापडली नाही. ती आधीच, संत विनिफ्रेडच्या झऱ्यापाशी येऊन गेलेली आहे.

तो प्रसंग आठवा. लुटारूंनी नागवलेला गवेन रात्री एका ओसाड घरात शिरतो. तेथे एक तरुणी, म्हणजे विनिफ्रेडच, त्याला जागे करते आणि म्हणते, माझे डोके झऱ्यात आहे, ते काढून आण. तिचे डोके तर धडावर दिसते आहे, म्हणून तो चक्रावतो. तिची हकिकत ऐकल्यावर तो विचारतो, मी पाण्यात उतरून ते आणले तर त्या बदल्यात तू मला काय देशील? ती त्याच्याकडे बघत राहते आणि विचारते, असे तू का विचारावेस? मग तेच पुन्हा, अधिक जोर देऊन. तिच्या आवाजात राग नाही, नवल आहे. गवेन गप्प होतो, पाण्यात उतरतो, कवटी वर आणतो आणि बिछान्यावरच्या सांगाड्यापाशी ठेवतो.

मूळ काव्यात हा प्रसंग मुळीच नाही, तो लोअरींनी घातला. का घातला? कारण काव्य आणि चित्रपट दोन्ही देवघेवीवर उभे आहेत. घावाला घाव, शिकारीला चुंबन. या सगळ्या हिशेबात एक प्रश्न असा पडतो, की जो हिशेबात बसत नाही. बदल्यात काय? काही नाही. कॅथलिक परंपरेत ज्याला कृपा म्हणतात ती याहून वेगळी कोणती? वसईचा किनारा यांनी ती जास्त अधिकाराने सांगावी, पण कमावता न येणारी आणि मोबदला न मागणारी देणगी म्हणजेच कृपा, असे मी समजतो. गवेन येथे ती घेणारा नसून देणारा आहे एवढाच फरक. आणि हा धडा त्याला राजदरबारातून, बिशपकडून किंवा ढालीवरून मिळत नाही. एक खून झालेली मुलगी तो देते.

शिवाय ही निवड हवेतून आलेली नाही. काव्यात गवेन उत्तर वेल्समधून, अँगलसीची बेटे डावीकडे ठेवून, एका पवित्र ठिकाणाजवळ पाणी ओलांडून विरलच्या रानात शिरतो. ते ठिकाण म्हणजे विनिफ्रेडच्या झऱ्यासाठी प्रसिद्ध असलेले होलीवेल असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. कवीने नुसते नाव घेऊन सोडलेली जागा लोअरींनी उघडली. रूपांतर करणाऱ्याने याहून अधिक निष्ठा काय दाखवावी?

शेवटाबद्दल एकच सांगतो. न जगलेले अख्खे आयुष्य मरणाच्या क्षणी डोळ्यांसमोरून जाते आणि मग माणूस मरण पत्करतो, ही रचना पाहणाऱ्याला मार्टिन स्कॉर्सेसी यांचा १९८८ सालचा ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट’ आठवल्याशिवाय राहत नाही. तेथे क्रुसावरचा येशू तसेच आयुष्य पाहतो आणि परत येतो. म्हणजे लोअरींचा गवेन शेवटी धर्मापासून दूर जात नाही, उलट ख्रिस्ताच्या जागी जाऊन उभा राहतो.

तिथीवार

लहानशी भर. काव्यात खेळ सुरू होतो तो नववर्षाच्या दिवशी आणि संपतो तोही नववर्षाच्या दिवशी. चित्रपटात दोन्ही वेळा नाताळ आहे. मध्ययुगीन पंचांगात १ जानेवारी हा बाळ येशूच्या सुंतेचा सण होता. रक्ताचा पहिला थेंब, आणि जीव न घेता अंगावर राहणारी खूण. गवेनच्या मानेवरचा चरा त्या दिवशी पडतो, आणि काही अभ्यासकांनी हा संबंध दाखवून दिला आहे. तारीख नाताळवर आणली की हा धागा तुटतो. तसेच गवेन दरबारातून निघतो तो सर्व संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २ नोव्हेंबरला, जो मृतात्म्यांचा दिवस आहे. विनिफ्रेडचा सण ३ नोव्हेंबरला येतो. कवी पंचांग उशाशी घेऊन लिहीत होता असे मला नेहमी वाटते.

रानवाटा

तिथीवार, ही तारखांची गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. सर्वांचे आभार.

अर्धविराम, आपला विनिफ्रेडचा मुद्दा वाचून मी तो प्रसंग काल रात्री परत पाहिला. तो प्रश्न ती ज्या रीतीने दोनदा विचारते त्याबद्दल आपले म्हणणे खरे आहे आणि माझ्या मूळ प्रश्नात मी त्या प्रसंगाचा उल्लेखही केला नाही, ही चूक झाली. पण तो पाहताना विनिफ्रेडची आख्यायिका शोधून वाचली आणि माझी शंका कमी होण्याऐवजी वाढली.

आख्यायिकेत काय आहे? सातव्या शतकातली ही वेल्श कुमारिका. कॅराडोग नावाच्या सरदाराला तिने नकार दिला, म्हणून त्याने तिचे डोके उडवले. डोके जेथे पडले तेथे झरा फुटला. पण आख्यायिका तेथे संपत नाही. तिचे मामा संत ब्यूनो यांनी ते डोके धडाला लावले, प्रार्थना केली आणि ती जिवंत उठली. पुढे ती कित्येक वर्षे जगली, मठाची प्रमुख झाली. होलीवेलला आजही यात्रेकरू जातात ते मेलेल्या मुलीचे सांत्वन करायला नव्हे. तेथले पाणी माणसाला बरे करते, अशी श्रद्धा आहे म्हणून ते जातात.

चित्रपटातल्या विनिफ्रेडला मामा नाही. तिचे डोके अजूनही पाण्यात पडून आहे आणि गवेन ते आणून देतो तेव्हा ती उठत नाही. तिची हाडे फक्त एकत्र येतात. आपण म्हणता ती कृपा तेथे आहे, मान्य, पण ती माणसाने माणसाच्या अवशेषांना दाखवलेली माया आहे. ज्या चमत्कारामुळे विनिफ्रेड संत झाली तो गाळून लोअरींनी तिचे भूत केले. म्हणजे शेवटी जे क्षमेचे झाले तेच येथे पुनरुत्थानाचे झाले आहे. दोन्ही ठिकाणी वरून येणारी मदत कापली आहे. एकदा झाले असते तर मी योगायोग म्हटले असते.

आणि स्कॉर्सेसींची तुलना मला उलट बाजूने उपयोगी वाटते. तेथे येशू क्रुसावर परततो तो जगासाठी. गवेन मान पुढे करतो ती कोणासाठी?

जुनी पोथी

चर्चा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. आपण सर्व जण काव्याला एक अखंड, निःशंक ख्रिस्ती ग्रंथ मानून चित्रपटाला त्याच्याशी ताडून पाहत आहात. काव्य इतके सरळ नाही.

आधी कबुलीचाच प्रसंग घ्या. गवेन बाईकडून पट्टा घेतो, तो लपवून ठेवायचे तिला वचन देतो आणि मग धर्मगुरूकडे जातो. तो धन्याला फसवण्याचा आपला बेत धर्मगुरूला सांगतो का? कवी सांगत नाही. तो एवढेच म्हणतो, की गवेनने लहानमोठी सगळी पापे सांगितली आणि धर्मगुरूने त्याला, जणू उद्याच कयामतीचा दिवस आहे, असा स्वच्छ केला. पट्टा त्याच्याकडेच राहतो. जे. ए. बरो या अभ्यासकांनी १९६५ सालच्या आपल्या पुस्तकात मांडले, की ही कबुली खोटी ठरते, कारण जे परत करायचे ते परत करण्याचा इरादाच नव्हता, आणि खरी कबुली होते ती हिरव्या सरदारासमोर. त्याआधी १९५३ साली ग्लासगोतल्या व्याख्यानात टॉल्किन यांनी अगदी उलट सांगितले होते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारे तेच हे टॉल्किन. ई. व्ही. गॉर्डन यांच्याबरोबर त्यांनी १९२५ साली या काव्याची प्रत संपादित केली होती. त्यांच्या मते गवेनची कबुली खरी होती, कारण मोह टाळणे हा धर्माचा प्रश्न होता आणि चुंबने-शिकार यांची अदलाबदल हा नुसता खेळाचा नियम होता. नियम मोडणे आणि पाप करणे यांच्यात कवी भेद करतो, हे त्यांचे म्हणणे. मला स्वतःला बरो यांचे पटते, पण ते असो. मुद्दा असा, की वसईचा किनारा यांना जे हलकेपण दिसले ते गवेनला चुकीच्या जागी मिळाले असण्याची शक्यता काव्यातच पेरलेली आहे.

आता जागेकडे बघा. आपण सारे ‘हिरवे चॅपेल’ असे म्हणत आहोत. काव्यात ते चॅपेल नाहीच. गवेन तेथे पोचतो तेव्हा त्याला ओढ्याकाठी गवताने झाकलेला एक पोकळ उंचवटा दिसतो. त्याला टोकाला आणि दोन्ही अंगांना भोके आहेत. ती जुनी गुहा आहे की खडकाची कपार, हे त्याला कळत नाही. तो मनाशी म्हणतो, अशा जागी मध्यरात्री सैतान आपली प्रार्थना म्हणत असेल. ही काव्यातली माझी सर्वांत आवडती ओळ. चित्रपटात मात्र ते खरेखुरे चर्च आहे, छप्पर उडालेले, भिंतींवर वेली चढलेल्या, आणि आत हिरवा सरदार झाडासारखा रुतून बसलेला.

या दोन जागा शेजारी ठेवा. काव्यात ख्रिस्ती सरदार सैतानी वाटणाऱ्या टेकाडाकडे जातो आणि तेथे त्याला पापक्षमा देणारा भेटतो. चित्रपटात तो चर्चकडे जातो आणि तेथे त्याला झाड भेटते. रानवाटा यांनी चूल काढून टाकल्याचे म्हटले. माझ्या मते चूल तेथेच आहे, तिच्यावर रान वाढले आहे, आणि दिग्दर्शकाला दाखवायचे होते ते तेच. गढीतली बाई हिरव्या रंगाबद्दल जे लांब बोलते ते पुन्हा ऐका. तिचे म्हणणे असे, की आपण गेल्यावर आपल्या पावलांच्या ठशांत गवत भरेल, थडग्यावर शेवाळ चढेल आणि तलवारी, नाणी, तटबंद्या यांच्यावर हिरवा कळंक पसरेल. आपल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर चढतो तोच हा कळंक, ज्यासाठी कल्हईवाला दारावर येत असे. मराठीत धातूवरचा तो हिरवा थर आणि माणसाला लागणारा डाग यांना जवळजवळ एकच शब्द आहे, आणि हे काव्य वाचताना मला त्याचा फार उपयोग झाला. मूळ काव्यातला हिरवा पट्टा हा गवेनला लागलेला डाग आहे. तो घासून जातो आणि खूण म्हणून अंगावर मिरवताही येतो. चित्रपटातला हिरवा रंग घासून जाणारा नाही. तो सगळ्यांवरच चढणार आहे, राजावर, चर्चवर, क्रुसावरसुद्धा. त्यापुढे क्षमा मागायची कोणाला?

एक गोष्ट मात्र चित्रपटाच्या बाजूने सांगावीच लागेल. काव्यात हा सगळा डाव मॉर्गन ला फे या जादूगारणीने रचला, हे अगदी शेवटी थोडक्यात उरकले आहे, आणि तिचा हेतूही विचित्र, तर म्हणे गिनिव्हियर राणीला घाबरवून मारायचे होते. वाचक तेथे अडखळतोच. चित्रपटाने ती जागा गवेनच्या आईला दिली. सरिता चौधुरी यांनी ती भूमिका केली आहे. दरबारात नाताळची मेजवानी चाललेली असताना ती डोळ्यांवर पट्टी बांधून मंत्रविधी करते आणि हिरव्या सरदाराला बोलावते. आणि गवेन निघताना मंतरलेला कमरपट्टाही तीच त्याला देते. म्हणजे मुलाला मरणाकडे पाठवणारी आणि मरणापासून वाचवणारी एकच. काव्यात संकटसमयी गवेनला सांभाळणारी आई मरिया आहे. मोहाच्या तिसऱ्या दिवशी कवी स्पष्ट म्हणतो, की मरियेने आपल्या सरदाराची आठवण ठेवली नसती तर मोठा धोका होता. चित्रपटात ढालीवरची आई फुटते आणि घरातली आई उरते. हा बदल मला या रूपांतरातला सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो, आणि त्यावर येथे अजून कोणी बोलले नाही याचे आश्चर्य वाटते.

वसईचा किनारा

जुनी पोथी, मरियेचे आपण सांगितलेले मी मान्य करतो, आणि थोडे दुःखाने मान्य करतो. आईने विणलेला पट्टा मुलाला मरणापासून वाचवतो, म्हणून तर तो सोडल्याशिवाय त्याला मोठे होता येत नाही, असा चित्रपटाचा तर्क आहे. मरियेच्या बाबतीत आमच्याकडे असा तर्क कोणी करत नाही. तिचा पदर सोडणे म्हणजे मोठे होणे, असे आम्हाला शिकवलेले नाही.

बरो यांच्या मताबद्दल एक शंका. कबुली अपुरी असली तरी ती दिल्यावर माणूस हलका होतो, हे मी वर रांगेत उभ्या पोरांच्या उदाहरणातून सांगितलेच. ते हलकेपण खोटे असेल, पण म्हणून नंतरची खरी क्षमा अडत नाही. उलट कवीला तेच दाखवायचे असेल, की पहिल्या जाळीत जे निसटले ते दुसऱ्या जागी पकडले गेले.

अर्धविराम

‘गवेन मान पुढे करतो ती कोणासाठी’ या प्रश्नाला माझ्याकडे पक्के उत्तर नाही. स्वप्नातल्या राजाने ज्या बाईचे मूल हिरावले तिच्यासाठी, असे मी म्हणेन. तो न जगलेला राजा मेला म्हणून ती आणि तिचे मूल वाचले. पण हे पडद्यावर कोणी म्हणत नाही, मी म्हणतो आहे.

पुनरुत्थानाबद्दल रानवाटा यांचे म्हणणे मात्र मी मागे घ्यायला लावू शकत नाही. संत ब्यूनो गाळले, हे खरेच.

रानवाटा

काव्याचे शेवटचे कडवे काल पुन्हा उघडले. गवेन घरी येतो, मानेवरचा चरा दाखवतो, पट्टा आपल्या लाजेची खूण म्हणून आडवा बांधतो. तो रडकुंडीला आलेला आहे आणि दरबार हसतो. हसून सगळे सरदार ठरवतात, की आपणही असाच हिरवा पट्टा बांधायचा. एकाचा डाग सगळ्यांनी वाटून घेतला. चित्रपटात गवेन घरी पोचतो तो फक्त स्वप्नात, आणि तेथे त्याच्या पट्ट्याबद्दल आईखेरीज दरबारात कोणी काही बोलत नाही.

त्यानंतर कवीने दोन ओळींची प्रार्थना लिहिली आहे, की ज्याने काट्यांचा मुकुट घातला त्याने आम्हांला आपल्या आनंदात न्यावे. ती वाचताना चित्रपटाची श्रेयनामावली संपल्यानंतर येणारे ते छोटे दृश्य आठवले, ज्यासाठी चित्रपटगृहात बहुतेक लोक थांबतच नाहीत. एक लहान मुलगी जमिनीवर पडलेला राजमुकुट उचलते आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवते. दोन्हींचा शेवट मुकुटावरच होतो, हे पहिल्या दोन वेळा पाहताना मला दिसले नव्हते.